घरच्यासारखा : ‘ओडिसी’ महाकाव्यांतील दास यूमेअस

महाकाव्यें म्हणजे बहुधा राजेरजवाड्यांचीं चरित्रें. सैन्यें, रथ, शस्त्रें, सभा व स्वयंवरें यांच्या वर्णनांत कवि रंगून जातो. राजवाड्याच्या पाठीमागें दळणकांडण, गुरेंढोरें आणि सरपणपाणी यांचा जो अखंड व्याप चालूं असतो, त्याकडे त्याची दृष्टि क्वचितच वळते. ग्रीकांचा आदिकवि होमर याच्या नांवावर असलेलें ‘ओडिसी’ हें महाकाव्य या बाबतींत निराळें आहे. ख्रिस्तपूर्व आठव्या-सातव्या शतकांच्या सुमारास आकार पावलेल्या या काव्याचे २४ सर्ग असून त्यांत सुमारें १२,००० ओळी आहेत. त्याचा उत्तरार्ध इथाका नांवाच्या बेटावर घडतो. परंतु वीस वर्षांनीं स्वदेशीं पाऊल टाकणारा राजा प्रथम आपल्या राजवाड्यांत जात नाहीं. तो रानांतील एका दासाच्या झोपडींत जातो. तेथेंच तो पहिला घांस खातो आणि तेथेंच पहिली रात्र काढतो.

या दासाचें नांव यूमेअस. ज्यांचें बालपण मोठ्या एकत्र कुटुंबांत गेलें आहे त्यांना हा मनुष्य अगदींच परका वाटणार नाहीं. धन्याच्या पश्चात् वाड्याच्या किल्ल्या सांभाळणारा, मुलांना खांद्यावर खेळविणारा, आणि ज्याच्याविषयीं घरांतील वडील माणसें “तो आमच्या घरच्यासारखाच आहे” असें म्हणत आलीं, असा एखादा जुना गडी अनेकांच्या आठवणींत असेल. ‘घरच्यासारखा’ या शब्दांत किती माया सांठविलेली असते आणि किती अंतर लपविलेलें असतें, हें सुमारें अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या एका कवीनें ज्या बारकाईनें पाहिलें, तें वाचकांपुढें मांडावें हा या लेखाचा उद्देश आहे.

रानांतील वाडगें

कथेचा धागा प्रथम थोडक्यांत सांगितला पाहिजे. इथाकेचा राजा ओडिसिअस याचीं दहा वर्षें ट्रॉयच्या युद्धांत गेलीं व आणखी दहा परतीच्या प्रवासांत. घरीं त्याची पत्नी पेनेलोपी, तारुण्यांत नुकताच पाऊल टाकणारा मुलगा टेलेमाकस, आणि दुःखानें खचून शेतावर एकाकी राहणारा वृद्ध पिता लेअर्टीस. राजा मेला असें गृहीत धरून इथाकेंतील व आसपासच्या बेटांवरील १०८ सरदारपुत्र पेनेलोपीच्या पाणिग्रहणाच्या इच्छेनें वाड्यांत ठाण मांडून बसले आहेत, आणि राजाचेंच अन्न व मद्य यथेच्छ उडवीत आहेत. अशा वेळीं ओडिसिअस एकटाच परत येतो. अथीना देवी त्यास एका जराजर्जर भिकाऱ्याचें रूप देते आणि प्रथम आपल्या वराहपालाकडे जाण्यास सांगते.

डुकरांचें नांव काढतांच आपल्याकडील पुष्कळ वाचकांच्या कपाळास आठी पडेल. परंतु त्या काळच्या ग्रीक राजाचें वैभव पशुधनावर मोजलें जाई, आणि गाई, मेंढ्या व शेळ्या यांच्याबरोबरच डुकरांचीही त्यांत गणना होई. यूमेअस स्वतःच धन्याच्या संपत्तीचा हिशेब सांगतो : समुद्रापलीकडील मुख्य भूमीवर गुरांचे १२ कळप, तितकेच मेंढ्यांचे, तितकेच डुकरांचे व शेळ्यांचे; शिवाय इथाकेंत शेळ्यांचे ११ कळप. अशा दौलतीचा एक भाग ज्याच्या हवालीं आहे तो मनुष्य जबाबदारीच्या जागेवर होता हें उघड आहे.

त्याच्या वाडग्याचें वर्णन कवीनें एखाद्या किल्ल्याचें करावें तसें केलें आहे. धनी परदेशीं असतां, मालकीणबाईंना अथवा वृद्ध लेअर्टीसला तसदी न देतां, यूमेअसनें स्वतः दगड वाहून आणून कुंपणाची भिंत रचली, तिच्यावर कांटेरी रानझाडाच्या फांद्या घातल्या, बाहेरून ओकच्या लांकडांचे खांब रोंवले, आणि आंत १२ खोपटीं बांधलीं. प्रत्येकींत ५० माद्या, म्हणजे एकूण ६००. नर मात्र ३६०च उरले आहेत. कारण त्यांतील लठ्ठ जनावर निवडून रोज वाड्यावर पाठवावें लागतें. यूमेअसच्या निष्ठेचें सारें दुःख या दोन आंकड्यांत आहे. तो जें जपतो आहे तें त्याच्या डोळ्यांदेखत परके लोक खात आहेत, आणि तें पोंचविण्याचें कामही त्यालाच करावें लागत आहे.

भिकारी दारांत येतो तेव्हां यूमेअस बैलाच्या कातड्याच्या वहाणा बेतीत बसलेला असतो. चार दांडगे कुत्रे परक्याच्या अंगावर धांवून जातात. तो दगड मारून त्यांना हांकलतो व पाहुण्याला आंत घेतो. अतिथि आणि याचक हे सर्व झ्यूस देवाचेच असतात, आमच्यासारख्यांचें देणें लहान असलें तरी तें मनापासूनचें असतें, अशा अर्थाचें तो बोलतो. लठ्ठ जनावरें वाड्यावरील चोरांसाठीं राखून ठेवावीं लागत असल्यामुळें तो पाहुण्यापुढें लहान पिलांचें मांस ठेवतो. धनी घरीं असता तर त्यानें आपल्याला घर, जमिनीचा तुकडा व चांगली बायको करून दिली असती, असेंही तो सहज बोलून जातो. हें आपण कोणाजवळ बोलतों आहों याची त्याला कल्पना नाहीं. वाचकांनीं मात्र हें वाक्य ध्यानांत ठेवावें.

धन्याचें नांव घेतांना तो अडखळतो. बराच वेळ ‘तो’, ‘माझा धनी’ असेंच चालतें. शेवटीं एकदां नांव ओठांवर येतें, आणि लगेच तो म्हणतो कीं, तो येथें नसला तरी त्याचें नांव घेण्यास मला संकोच वाटतो, त्यानें माझ्यावर फार माया केली. त्याच्यासाठीं जो शब्द तो वापरतो तो ग्रीक भाषेंत धाकटा भाऊ वडील भावास उद्देशून योजीत असे; आपण त्याला ‘दादा’ म्हणूं. पतीचें अथवा वडील माणसांचें नांव न घेण्याची रीत ज्या घरांनीं पिढ्यान् पिढ्या पाळली, त्यांना या संकोचांतील गोडी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाहीं.

परंतु यूमेअस भोळा नाहीं. राजाची खोटी बातमी सांगून कपडे उकळणारे भटके लोक त्यानें पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतील एकानें तर त्यास चांगलेंच फसविलें होतें. म्हणून हा भिकारी शपथेवर “तुझा धनी येत आहे” असें सांगूं लागतो तेव्हां तो ती शपथही बाजूला सारतो. एकीकडे परक्याला जेवूं घालावें व दुसरीकडे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवूं नये, हें दोन्ही त्याला साधतें. रात्रीं पाऊस आणि बोचरा वारा सुटतो. येथें माणशी एकच पांघरूण आहे असें सांगून तो स्वतःसाठीं राखून ठेवलेला जाड झगा भिकाऱ्याच्या अंगावर घालतो, आणि आपण तलवार, भाला व शेळीचें कातडें घेऊन बाहेर, खडकाच्या आडोशाला, जनावरांपाशीं निजावयास जातो. अंथरुणांत पडल्या पडल्या ओडिसिअस हें पाहतो व मनांत संतोष पावतो. मालकाच्या संपत्तीवर इतकें प्रेम करणाराजवळ स्वतःच्या मालकीचें असें पांघरुणापलीकडे फारसें कांहीं नाहीं, याची नोंद मात्र कवीनें टिप्पणी न करतां करून ठेविली आहे.

राजपुत्र कीं दास?

पंधराव्या सर्गांत यूमेअस आपली जन्मकथा सांगतो. तो जन्मानें दास नव्हता. सिरिए नांवाच्या बेटावरील राजा क्टेसिओस याचा तो पुत्र. त्या घरांत एक फिनिशियन दासी होती. तीही मूळची सिडोन शहरांतील श्रीमंत माणसाची मुलगी, चांच्यांनीं पळवून विकलेली. पुढें तिच्याच देशाचे व्यापारी गलबत घेऊन आले. त्यांनीं तिला फितविलें व घरीं नेण्याचें वचन दिलें. एका संध्याकाळीं ती तीन पेले वस्त्राखालीं लपवून आणि धन्याच्या लहान मुलाचें बोट धरून बंदरावर गेली. सातव्या दिवशीं समुद्रावरच तिला मृत्यु आला. तिचें प्रेत जलचरांना टाकण्यांत आलें, आणि एकाकी पडलेलें तें मूल इथाकेस लेअर्टीसला विकण्यांत आलें.

ज्या बाईनें घात केला ती स्वतः घाताला बळी पडलेली होती. आपल्या घरीं परत जाण्याची तिला ओढ होती, आणि तिच्या सुटकेची किंमत एका मुलाच्या दास्यानें चुकती झाली. ‘बेइमान मोलकरीण’ असें म्हणून हा प्रसंग संपवितां आला असता. होमरनें तिचें कुळ, तिचें गांव व तिचें अपहरण सांगून तो सोपा मार्ग बंद केला आहे.

इथाकेंत राणी अँटिक्लीया हिनें यूमेअसला आपली धाकटी मुलगी क्टिमेनी हिच्याबरोबर वाढविलें. मुलीच्या मानापेक्षां त्याचा मान थोडासाच कमी होता, असें तो कृतज्ञतेनें सांगतो. मग दोघेंही वयांत आलीं. क्टिमेनीचें लग्न मोठा हुंडा घेऊन सामी येथील वराशीं लावून देण्यांत आलें. यूमेअसला चांगलें वस्त्र व पायांत वहाणा दिल्या आणि रानावर पाठविण्यांत आलें. राणीचें त्याच्यावर प्रेम होतेंच. पुत्रवियोगानें ती मरण पावल्यावर त्याला पोरकें वाटलें. परंतु घरचें मूल आणि घरच्यासारखें मूल यांच्या वाटा कोठें फुटतात तें या दोन वाक्यांत जितकें स्पष्ट दिसतें, तितकें मोठ्या प्रबंधानेंही दिसणार नाहीं. यूमेअस याबद्दल अक्षरानेंही तक्रार करीत नाहीं. वाचकाला मात्र तें टोंचल्यावांचून राहत नाहीं.

तशीच ती वृद्ध दाई यूरिक्लीया. लेअर्टीसनें तरुणपणीं तिला २० बैलांची किंमत देऊन विकत घेतलें व वाड्यांत पत्नीइतका मान दिला. ओडिसिअसला तिनें अंगावर पाजलें आणि पुढें टेलेमाकसलाही सांभाळलें. भिकाऱ्याचे पाय धुतांना गुडघ्यावरील रानडुकराच्या सुळ्याचा जुना व्रण तिच्या हातास लागतो. पाय सुटतो, तस्त कलंडतें, पाणी सांडतें. तिच्या डोळ्यांत आनंदाश्रु उभे राहतात, तोंच ओडिसिअस तिचा गळा धरून बजावतो कीं, हें गुपित फोडलेंस तर माझी दाई असूनही तुझी गय करणार नाहीं. म्हातारी रागावत नाहीं. मी दगडासारखी, लोखंडासारखी गप्प राहीन, एवढेंच ती म्हणते. प्रसंगच तसा होता हें खरें. तरीही दुधाचें नातें आणि धन्याची सत्ता यांत वरचढ कोण, हेंही त्या क्षणीं कळून चुकतें.

धनुष्य व वचन

सोळाव्या सर्गांत टेलेमाकस प्रवासाहून परततो तो थेट यूमेअसकडेच. त्याला पाहतांच यूमेअसच्या हातांतील भांडीं गळून पडतात; दहा वर्षांनीं परतलेल्या एकुलत्या एका मुलाला बापानें कवटाळावें तसा तो त्याला कवटाळतो. टेलेमाकस त्याला ‘आट्टा’ म्हणतो, म्हणजे आपल्याकडील ‘बाबा’सारखी हांक मारतो. हें सर्व खरा बाप तेथेंच, भिकाऱ्याच्या वेषांत, उघड्या डोळ्यांनीं पाहत बसलेला आहे! आणि यूमेअसला निरोप घेऊन वाड्यावर पाठविल्यानंतरच बाप मुलाला आपली ओळख देतो. ज्यानें झगा दिला त्याला ओळख मिळावयास आणखी पांच सर्ग जावे लागतात.

ती वेळ एकविसाव्या सर्गांत येते. पेनेलोपीनें पण लावला आहे कीं, जो ओडिसिअसचें धनुष्य वांकवून बारा कुऱ्हाडींमधून बाण मारील त्याला मी वरीन. आपल्या वाचकांस जनकाची सभा व द्रौपदीचें स्वयंवर येथें आठवेलच. विवाहेच्छु तरुण एकामागून एक हतबल होत असतां ओडिसिअस यूमेअस व गुराखी फिलीटिअस यांना अंगणाबाहेर नेतो, धनी आला तर तुम्ही कोणाच्या बाजूनें लढाल असें विचारतो, आणि उत्तर ऐकून आपला व्रण दाखवितो. मग तो वचन देतो : विजय झाल्यास तुम्हां दोघांना बायका करून देईन, मालमत्ता देईन, माझ्या घराशेजारीं घर बांधून देईन, आणि तुम्ही टेलेमाकसचे सोबती व भाऊ व्हाल.

घर, जमीन आणि बायको हें यूमेअसनें झोपडींत भिकाऱ्याजवळ बोलून दाखविलेलें स्वप्न; धन्यानें तें लक्षांत ठेवलें होतें. त्यांत त्यानें स्वतःहून एका शब्दाची भर घातली, तो शब्द ‘भाऊ’. मग यूमेअस धनुष्य उचलून निघतो. चोहोंकडून शिव्याशाप येतांच तो भिऊन तें खालीं ठेवतो. टेलेमाकस दरडावतो तेव्हां पुन्हां उचलून तो तें भिकाऱ्याच्या हातीं देतो. पुढील झुंजींत तो धन्याच्या खांद्याशीं खांदा लावून लढतो व खांद्यावर भाल्याचा ओरखडाही घेतो. वचन पुरें झाल्याचा प्रसंग मात्र काव्यांत कोठेंच येत नाहीं. चोविसावा सर्ग संपतो तेव्हां यूमेअस धन्याबरोबर शस्त्र धरून उभा आहे. घराचा पाया अजून खणलेला नाहीं.

बारा दासी

निष्ठेचें कौतुक करणाऱ्या या काव्यांत अनिष्ठेचा दंडही आहे, आणि तो पाहिल्यावांचून पहिल्याचें मोल कळत नाहीं. शेळ्या राखणारा मेलँथिअस विवाहेच्छूंना मिळालेला असतो. वाटेंत भिकाऱ्याला तो लाथ मारतो, आणि शेवटीं त्याची विटंबना करून वध होतो. वाड्यांतील ५० दासींपैकीं १२ जणी त्या सरदारपुत्रांशीं संबंध ठेवून होत्या. त्यांतील मेलँथो हिला पेनेलोपीनें पोटच्या मुलीप्रमाणें वाढविलें होतें, खेळणीं दिलीं होतीं. म्हणजे तीही ‘घरच्यासारखी’च होती. तीच भिकाऱ्याला सर्वांत टोंचून बोलते. माया केली म्हणजे निष्ठा उगवतेच असें नाहीं, हें होमरला ठाऊक होतें.

वध संपल्यावर या बारा जणींकडून प्रेतें उचलवून व दालन धुववून घेतात, आणि टेलेमाकस त्यांना एका दोरावर फांशीं देतो. येथें एक गोष्ट सहसा नजरेंतून सुटते. बाविसाव्या सर्गाच्या आरंभीं ओडिसिअस विवाहेच्छूंच्या अपराधांची जी यादी वाचतो, तींत त्यांनीं आपल्या दासींवर बळजबरी केली असाही आरोप आहे. बळजबरी ज्यांच्यावर झाली त्यांनाच अनिष्ठेबद्दल मृत्युदंड कसा? या प्रश्नाचें उत्तर काव्यांत नाहीं. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवुड यांनीं २००५ मध्यें ‘पेनेलोपिआड’ या पुस्तकांत याच बारा जणींना वाचा दिली, आणि २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी भाषांतरांत एमिली विल्सन यांनीं ‘सेवक’, ‘मोलकरीण’ असे सौम्य शब्द टाळून अनेक ठिकाणीं सरळ ‘गुलाम’ असा अर्थ ठेविला. शब्द बदलला कीं तेंच घर निराळें दिसूं लागतें.

अर्धें सत्त्व

विद्वानांचीं मतें या विषयीं एक नाहींत. मोझेस फिन्ली यांनीं १९५४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘ओडिसिअसचें जग’ या ग्रंथांत दाखविलें कीं, त्या समाजांत सर्वांत दीन स्थिति घरच्या दासाची नसून, कोणत्याच घराचा आधार नसलेल्या मोलमजुराची होती. विल्यम थालमन यांनीं १९९८ मधील आपल्या ग्रंथांत याची दुसरी बाजू मांडली : निष्ठावंत दासाचें हें चित्र मालकवर्गाच्या नजरेंतून रंगविलेलें आहे. यूमेअस जन्मानें राजपुत्र निघावा, यांतही तीच सोय दिसते. दासाचा थोरपणा कुळावर घातला म्हणजे दास्याची व्यवस्था मोकळी राहते.

हा आक्षेप बळकट आहे. तथापि त्याच काव्यांत, आणि तेंही यूमेअसच्याच तोंडीं, त्याचें उत्तर आहे. सतराव्या सर्गांत उकिरड्यावर पडलेला म्हातारा कुत्रा अर्गोस वीस वर्षांनीं धन्याला ओळखतो, शेपूट हलवितो आणि प्राण सोडतो. त्याच्या हालांविषयीं बोलतांना यूमेअस म्हणतो कीं, धन्याचा धाक सुटला म्हणजे दास कामांत कुचराई करितात. कारण ज्या दिवशीं माणसाला दास्य गांठतें त्या दिवशीं झ्यूस त्याचें अर्धें सत्त्व काढून घेतो. हा विचार ग्रीकांत इतका रुजला कीं, तत्त्ववेत्ता प्लेटो यानें ‘लॉज’ या ग्रंथाच्या सहाव्या भागांत दासांविषयीं चर्चा करतांना त्याचा आधार घेतला. तेथेंच तो असेंही नमूद करितो कीं, भाऊ व मुलगे यांहून अधिक भले निघालेले आणि धन्याचे प्राण, घर व मालमत्ता वांचविणारे दासही पुष्कळांनीं पाहिले आहेत. यूमेअसच्या वाक्यांतील विसंगति हीच त्याची थोरवी आहे. दास्य माणसाला अर्धें करून टाकतें असें जो सांगतो, तो स्वतः वीस वर्षें धाकावांचून पुरें काम करीत आला आहे.

कवीलाही त्याचें विशेष प्रेम असावें. ‘ओडिसी’ सांगतांना होमर एरव्हीं सर्व पात्रांविषयीं तृतीय पुरुषीं बोलतो. यूमेअसला मात्र तो पंधरा वेळां समोर बसल्याप्रमाणें ‘तूं’ म्हणून हांक मारतो. ‘इलियड’मध्यें असा मान मुख्यतः पॅट्रोक्लस व मेनेलाउस या वीरांना मिळाला आहे. छंदाच्या सोयीसाठीं हें केलें असें कांहीं पंडित म्हणतात. मायेपोटीं केलें असें दुसरे म्हणतात. ओडिसिअसला व अकिलीसला जें ‘दिव्य’ हें विशेषण मिळतें, तेंच या डुकरें राखणाऱ्यालाही पुनःपुन्हां मिळालें आहे, हें मात्र दोन्ही पक्षांना मान्य करावें लागतें.

सेवकाची निष्ठा कसोटीला लावण्याच्या कथा जगांत पुष्कळ आहेत. ओडिसिअसनेंही यूमेअसची कसोटी एकदां सोडून अनेकदां पाहिली. परंतु काव्य मिटून ठेवल्यावर मनांत राहते ती धन्याची कसोटी. क्टिमेनीच्या लग्नाच्या वेळीं त्या घराला जें सुचलें नाहीं, तें संकटाच्या दिवशीं ओडिसिअसला सुचलें. त्या दिवशीं त्यानें ‘-सारखा’ हा प्रत्यय काढून टाकला व ‘भाऊ’ हा शब्द उच्चारला. सुखाच्या दिवसांत तो शब्द त्याच्या लक्षांत राहिला कीं नाहीं, हें होमर सांगत नाहीं. ज्या घरांत कोणी तरी ‘घरच्यासारखें’ राबत आलें आहे, तेथें त्या माणसाचें म्हातारपण, त्याचें आजारपण आणि त्याच्या मुलांचें शिक्षण यांचा विचार घरच्यांच्या यादींत होतो कीं यादी संपल्यावर होतो, एवढें पाहिलें तरी या प्रश्नाचें उत्तर त्या त्या घरापुरतें मिळूं शकेल.